जांभळीची सावली आणि भीमेचा काठ

मनाला शांती हवी असेल तर निसर्गाच्या सान्निध्यात जावे, असे आज सर्वत्र सांगितले जाते. वृत्तपत्रांच्या पुरवण्या तेच सांगतात, डॉक्टरही तेच सांगतात. चार भिंतींत, दिव्याच्या उजेडात दिवस काढणाऱ्या शहरी माणसाला हा उपदेश लगेच पटतो. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या उघड्या माळावर, उन्हातान्हात, गावाच्या शिवेवर आयुष्य काढले, त्यांच्या घरात हाच उपदेश काहीसा विचित्र वाटतो. गावकीच्या कामासाठी दुपारच्या उन्हात कोसच्या कोस अनवाणी चालणाऱ्या आजोबांना निसर्गाची वाण नव्हती. त्यांना वाण होती ती सावलीची, आणि त्या सावलीत कोणीही न उठवता बसण्याच्या हक्काची.

म्हणून निसर्ग आणि मनःशांती यांच्या संबंधाचा विचार करताना बौद्ध अभ्यासकाने एक प्रश्न आधी विचारला पाहिजे. ही शांती कोणाला मिळाली आणि कोणाला नाकारली गेली? हा प्रश्न इतिहासाचा आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके या प्रश्नाच्या अभ्यासास फार उपयुक्त आहेत. कुकडी, घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी तीन हजार वर्षांहून अधिक काळाचा मानवी वावर येथे सलग दिसतो. त्यात लेण्यांकडून आलेले पाणी आहे, तहानेने व्याकुळ झालेले सैनिक आहेत आणि पाण्याजवळ जाण्याचा हक्क मागणारा एक महामानवही आहे. प्रस्तुत लेखात या काठाने चालत जाऊन तथागतांच्या एका आठवणीपर्यंत पोहोचावयाचे आहे.

जांभळीखालचा कुमार

ती आठवण मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात आली आहे. सहा वर्षे कठोर देहदंड करूनही सत्य हाती लागेना, शरीर अस्थिपंजर झाले, तेव्हा बोधिसत्त्वांना बालपणातील एक प्रसंग आठवला. पिता शेतीच्या कामात असताना ते जांभळीच्या गार सावलीत बसले होते आणि त्यांचे चित्त सहज एकाग्र झाले होते. त्यांनी स्वतःलाच विचारले की, बोधीचा मार्ग हाच तर नसेल? वासनेशी आणि अकुशल विचारांशी ज्या सुखाचा संबंध नाही, त्या सुखाला भिण्याचे कारण काय? त्यानंतर त्यांनी अन्न ग्रहण केले आणि मध्यम मार्गाकडे पाऊल टाकले. बौद्ध धम्माच्या इतिहासात झाडाखालच्या एका निवांत दुपारीला किती मोठे स्थान आहे, हे यावरून दिसते. देहाला छळून जे साधले नाही, त्याची दिशा एका सावलीच्या आठवणीने दाखविली.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात कुमार सिद्धार्थाच्या याच वयाचे वर्णन केले आहे. हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. पित्याच्या शेतावर गेल्यावर काम नसेल तेव्हा सिद्धार्थ निवांत जागी बसून ध्यानाचा अभ्यास करीत, असे बाबासाहेब सांगतात. पण त्याच शेतावरचे आणखी एक दृश्य ते वाचकांपुढे ठेवतात. अपुऱ्या वस्त्रांत, रणरणत्या उन्हात मजूर नांगरत आहेत, बांध घालीत आहेत, झाडे तोडीत आहेत. सिद्धार्थाचे मन कळवळते. एकाने राबावे आणि दुसऱ्याने त्याच्या श्रमावर जगावे हे न्याय्य कसे, असा प्रश्न तो मित्रांना करतो आणि मित्रांना उत्तर देता येत नाही. पेरणीच्या दिवशी होणाऱ्या वप्रमंगल उत्सवात सिद्धार्थ स्वतः नांगर धरीत असे आणि अंगमेहनतीला तो कमी लेखीत नसे, हेही बाबासाहेब आवर्जून नमूद करतात.

ही दोन दृश्ये एकत्र वाचली पाहिजेत. शेत एकच, माणूसही एकच. सावलीत बसून चित्त स्थिर करणारा कुमार आणि उन्हातल्या माणसाकडे पाहून अस्वस्थ होणारा कुमार हे वेगळे नाहीत. ज्या शांतीला उन्हातला माणूस दिसत नाही, ती शांती या परंपरेतील नव्हे. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राभोवती आहे.

वृक्षमूल हे संघाचे पहिले घर

तथागतांच्या जीवनातील सर्व प्रमुख घटना उघड्या आकाशाखाली घडल्या. जन्म लुंबिनीच्या वनात, बोधी पिंपळाच्या झाडाखाली, पहिले प्रवचन इसिपतनाच्या मृगदावात आणि महापरिनिर्वाण कुसिनारा येथे जोड शालवृक्षांच्या मध्ये. यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. उपसंपदा घेणाऱ्या भिक्खूला जे चार आधार सांगितले जात, त्यांत निवासाचा आधार म्हणून झाडाचे मूळ सांगितले आहे. विहार मिळाला तर तो अधिकचा लाभ, मूळ निवास म्हणजे रुक्खमूल. ध्यानासाठी बसण्याच्या जागा म्हणून सतिपट्ठान सुत्तात अरण्य, झाडाचे मूळ आणि निर्जन जागा यांचा उल्लेख येतो. तेरा धुतांगांत झाडाखाली राहणाऱ्याचे आणि मोकळ्या आकाशाखाली राहणाऱ्याचे व्रत स्वतंत्रपणे गणले आहे. मोकळ्या आकाशाखाली राहण्याच्या व्रताला पालीत ‘अब्भोकासिक’ असे नाव आहे.

या निवडीचा सामाजिक अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. वाड्याला मालक असतो, मंदिराला पुजारी असतो आणि दोघांनाही दार असते. झाडाच्या बुंध्याला दार नसते. तेथे बसणाऱ्याला जात विचारण्याची सोय झाडाकडे नाही. वर्णव्यवस्थेच्या काळात एखाद्या संघाने आपले पहिले घर म्हणून अशी जागा निवडावी, ही घटना साधी नाही. थेरगाथेतील सुनीत थेरांची कथा हेच सांगते. ते हीन मानल्या गेलेल्या कुळात जन्मले होते आणि कोमेजलेली फुले झाडून काढण्याचे काम करीत. संघात आल्यावर ते अरण्यात एकटे राहिले आणि तेथेच त्यांना मुक्ती लाभली. गावाने ज्यांना बाहेर ठेवले होते, ते आता स्वतःच्या इच्छेने बाहेर गेले. बाहेर ढकलले जाणे आणि बाहेर जाणे यांतील अंतर म्हणजेच स्वातंत्र्य होय.

तथापि अरण्य म्हणजे केवळ रम्य स्थान, असा भाबडा समज पाली वाङ्मयात नाही. भयभेरव सुत्तात निर्जन वनातील भीतीचे स्पष्ट वर्णन आहे. रात्री एखादे जनावर येते, मोर वाळकी फांदी पाडतो, वारा पाचोळा हलवितो आणि माणूस दचकतो. त्या भीतीच्या वेळी ज्या स्थितीत असू, चालत वा बसलेले, त्याच स्थितीत राहून तिला सामोरे जावे, ही तथागतांची रीत होती. अरण्य आपोआप मन शांत करीत नाही. मनात काय दडले आहे, ते अरण्य दाखविते. शांत करण्याचे काम माणसाला स्वतः करावे लागते.

कुकडीच्या पाण्याबरोबर

आता या विचाराबरोबर आपल्या भूमीकडे वळू. नाणेघाटाच्या परिसरात उगम पावणारी कुकडी नदी जुन्नरवरून पूर्वेकडे वाहत येते आणि शिरूरच्या परिसरात घोडनदीला मिळते. घोड पुढे दौंडच्या बाजूला भीमेत मिसळते. म्हणजे जुन्नरच्या डोंगरांवर पडलेले पावसाचे पाणी शिरूरवरून दौंडला येते. त्याच जुन्नरच्या डोंगरांत इसवी सनाच्या आगेमागे शेकडो बौद्ध लेणी कोरली गेली. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी हे त्यांतील प्रमुख गट होत.

या लेण्यांतील ब्राह्मी लेख वाचताना एक गोष्ट मनाला भिडते. दाने केवळ चैत्य, खोली किंवा पाण्याची पोढी यांचीच नाहीत. झाडांसाठीही जमीन दिली गेली आहे. मानमोडी येथील एका लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाने श्रेणीकडे ठेवलेल्या दानाची नोंद आहे. त्यात करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने आणि वडाच्या झाडांसाठी नऊ निवर्तने जमिनीचा उल्लेख असल्याचा अर्थ अभ्यासक लावतात. परदेशी वंशाचा एक माणूस या मातीत उपासक होतो आणि वड व करंज यांसाठी आपले दान ठेवतो. ज्या वडाच्या सावलीत आपण कदाचित कधीच बसणार नाही, तो लावण्यासाठी जमीन देणे ही दानाची फार उंच कल्पना आहे. सम्राट अशोकानेही रस्त्यांच्या कडेला माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावल्याचे आणि विहिरी खोदल्याचे आपल्या स्तंभलेखात सांगितले आहे. संयुत्तनिकायात तर बाग व वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई व विहीर करून देणारे यांचे पुण्य दिवसरात्र वाढत राहते, असे वनरोप सुत्तात सांगितले आहे.

जुन्नरच्याच लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आणि कासारांची श्रेणी यांचे उल्लेख आहेत. संघासाठीच्या कायम ठेवी या श्रमकऱ्यांच्या संघटनांकडे विश्वासाने सोपविल्या जात. पुढील काळात ज्या हस्तव्यवसायांना समाजाने खालची पायरी दिली, त्यांतले लोक त्या काळी धम्मदानाचे विश्वस्त होते. सावली देणारी झाडे आणि राबणारे हात या लेखांत शेजारी शेजारी आहेत. जांभळीखालच्या कुमाराने जे एकत्र पाहिले, तेच कुकडीच्या वरच्या अंगाला दगडात कोरलेले आहे.

कुकडी खाली येते तेव्हा शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामध्ये तिचे पात्र काळ्या बेसाल्टमध्ये खोल उतरते. तेथील रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले लहान दगड हजारो वर्षे एकाच जागी फिरत राहिले आणि त्यांनी कठीण खडकात रांजणासारखे खोल खड्डे पाडले. उन्हाळ्यात पाणी कमी असताना हे काम उघडे दिसते. ध्यानाचा अभ्यास करणाऱ्याला येथे वेगळ्या प्रवचनाची गरज भासू नये. एकदम काही घडत नाही, पण रोज थोडे झिजविले की खडकही वाट देतो.

इनामगाव: शांत काठाची अशांत कथा

शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने येथे १९६८ पासून सुमारे दीड दशक उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर या संशोधकांच्या कामामुळे महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांचे जीवन येथे सविस्तर समजले. वसाहतीचा काळ साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० हा होय. हे लोक बार्ली पिकवीत, गुरे पाळीत, शिकार व मासेमारी करीत. नदीचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी चर खोदला आणि दगडमातीचा बांध घातला. मृत मुलांना ते कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरीत. आपले मूल गेल्यावरही त्याला घराबाहेर न ठेवणाऱ्या या आईबापांची वेदना तीन हजार वर्षांनंतरही कळते.

इनामगावने दोन गोष्टी शिकविल्या आहेत. पहिली अशी की, येथील निसर्ग कायम कृपाळू नव्हता. शेवटच्या टप्प्यात हवामान कोरडे होत गेले, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर वस्ती उठली. शिरूर आणि दौंड आजही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस येथे पडतो आणि तोही बेभरवशाचा. दुसरी गोष्ट अशी की, त्या लहानशा वस्तीतही एक पाच खोल्यांचे मोठे घर सापडले. त्याच्या शेजारी धान्यकोठार होते. ते प्रमुखाचे घर असावे, असे संशोधकांनी मानले. म्हणजे नदी सर्वांची असली तरी तिचे धान्य कोणाच्या अंगणात साठते, हा प्रश्न तेव्हाही होता.

उन्हातली माणसे

त्यानंतरच्या शतकांत लेणी ओस पडली, धम्माचा आवाज मंदावला आणि गावगाड्याची व्यवस्था घट्ट झाली. या व्यवस्थेत महारांच्या वाट्याला आलेली कामे आठवून पाहावीत. वेशीवर पहारा द्यायचा, निरोप घेऊन गावोगाव जायचे, सरकारी माणसाचे ओझे वाहायचे, शिवेच्या तंट्यात साक्ष द्यायची, मेलेली जनावरे ओढायची. जवळजवळ सगळी कामे उघड्यावरची होती. गावाची शीव, नदीचा उतार, ओढ्याचे वळण, कोणते झाड कोणत्या शेताच्या बांधावर आहे, हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नव्हते. भूमीचे हे ज्ञान त्यांचे होते, भूमी मात्र त्यांची नव्हती. बहुतेक गावांत नदीवरचा त्यांचा पाणवठाही वेगळा, प्रवाहाच्या खालच्या अंगाला असे. गावचावडीच्या वडाखालचा पार सर्वांना बसण्यासाठी होता, पण त्या ‘सर्वां’त ते नव्हते.

याच काठावर १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई झाली. कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन याच्या हाताखालील बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचे सुमारे ५०० शिपाई, काही घोडेस्वार व दोन तोफा ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघाले. रात्रभर चालून ते सकाळी भीमेच्या काठी पोहोचले, तो समोर पेशव्यांचे मोठे सैन्य होते. दिवसभर कोरेगावच्या गल्ल्यांत लढाई चालली. या लढाईतील पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे तिच्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे, ती म्हणजे तहान. रात्रभर चाललेले, अन्नपाण्यावाचून लढणारे हे शिपाई भीमेपासून हाकेच्या अंतरावर होते आणि त्यांना दिवसभर पाणी मिळाले नाही. अंधार पडून हल्ल्याचा जोर ओसरला, तेव्हा कोठे ते पाण्यापर्यंत पोहोचले. जखमींना घेऊन ही तुकडी ३ जानेवारीला शिरूरला परतली. पेरणे येथील स्तंभावर ज्यांची नावे कोरली आहेत, त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे आहेत.

जवळून वाहणारी नदी आणि तहानलेला माणूस हे चित्र त्या एका दिवसाचे होते. गावोगावच्या पाणवठ्यावर मात्र ते चित्र रोजचे होते.

रोहिणी, भीमा आणि चवदार तळे

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाजवळ आले आणि त्यांनी तेथे सभा घेतली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. तळे होते, ठराव होता, पण हात पाण्यापर्यंत जात नव्हता. तो नेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पुढे न्यायालयात दहा वर्षे झगडावे लागले आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. ही वतने कायद्याने नष्ट होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून बाबासाहेबांनी वृद्ध, रोगी आणि मृत यांच्या दर्शनाची परंपरागत कथा स्वीकारली नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला संघर्ष पुढे आणला. शाक्य संघाचा युद्धाचा निर्णय सिद्धार्थाने मान्य केला नाही आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या स्वीकारली. पुढे दोन्ही पक्षांत समेट झाल्याची वार्ता त्याला मिळते. पण माणसामाणसांतील, वर्गावर्गांतील संघर्ष कायम आहे आणि त्याचे मूळ शोधणे शिल्लक आहे, असा विचार करून तो परत फिरत नाही. महाडचा सत्याग्रह करणाऱ्या माणसाने धम्माची कथा एका नदीच्या पाण्यापासून सुरू करावी, याचा अर्थ वाचकांना वेगळा सांगावयास नको.

याच बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवगाथेला ठाम नकार दिला होता. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे व जातीयतेचे आगर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणून निसर्गाकडे परत चला, खेड्याकडे परत चला या घोषणा आपण जशाच्या तशा उचलू शकत नाही. आपल्याला जावयाचे आहे ते झाडाकडे आणि नदीकडे. झाडाभोवतीच्या पारावरील जुन्या मानपानाकडे नव्हे. तथागतांनी रुक्खमूल स्वीकारले, ग्रामव्यवस्था नव्हे. हा भेद स्पष्ट ठेवला की निसर्गातील शांती आणि मुक्तीचा लढा यांत विरोध उरत नाही.

आज काठावर बसताना

आज या दोन तालुक्यांत निवांत बसण्यासारख्या जागा पुष्कळ आहेत. मोराची चिंचोली येथे चिंचांच्या राईत पहाटे मोर उतरतात. दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले. ज्या माळरानाला सरकारदप्तरी पडीक म्हणण्याची सवय होती, त्याला स्वतःचे असे जीवन आहे, ही गोष्ट त्यामुळे मान्य झाली. भीमेवर १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी दौंडच्या खालच्या गावांपर्यंत मागे येते आणि हिवाळ्यात त्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उभे असतात. पहाटे त्या पाण्याजवळ बसलेल्या माणसाचा श्वास आपोआप संथ होतो. आनापानसतीचा अभ्यास करणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा शोधूनही मिळणार नाही.

परंतु जांभळीखालच्या कुमाराप्रमाणे येथेही दोन्ही दृश्ये पाहिली पाहिजेत. उजनीच्या त्या सुंदर पाण्याखाली उठविलेल्या गावांची शेते आहेत. शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस आणि दौंड तालुक्यातील वाळकी यांच्याजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुणे शहराचे सांडपाणी तिच्याबरोबर येते. शहर शांतीसाठी ज्या ग्रामीण निसर्गाकडे येते, त्याच निसर्गाकडे आपले मलिन पाणी धाडते. पूर्वी खालच्या अंगाचा पाणवठा एका जातीच्या वाट्याला होता. आता खालच्या अंगाला असलेले संपूर्ण तालुके त्या जागी आले आहेत. उसाच्या फडात बिबट्या वावरतो, आणि त्या फडाच्या कडेला उघड्यावर झोपणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला अरण्यातील भय हे सुत्तातून शिकावे लागत नाही. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात झालेला हिंसाचारही आपण विसरू शकत नाही. त्या दिवशी भीमेचा काठ शांत नव्हता.

मग या काठावर शांती शोधावी की नाही? अवश्य शोधावी. ज्यांच्या पूर्वजांना या काठावर क्षणभर टेकता आले नाही, त्यांनी तर येथे अधिक हक्काने बसावे. दरवर्षी १ जानेवारीला लाखो पावले स्तंभाकडे येतात. त्यांतील काहींनी तरी वर्षातून आणखी एखाद्या दिवशी, गर्दी नसताना, मुलाबाळांसह भीमेच्या, घोडेच्या किंवा कुकडीच्या काठी यावे. घोषणा न देता, भ्रमणध्वनी बाजूला ठेवून, अर्धा तास झाडाच्या बुंध्याशी बसावे. श्वास येताना जाणावा, जाताना जाणावा. मन भरकटले तर रागावू नये, त्याला परत आणावे. आपल्या आजोबांना या सावलीतून कोणीतरी उठविले होते आणि आज आपल्याला कोणी उठवू शकत नाही, एवढे भान त्या अर्ध्या तासात राहिले तरी तो अर्धा तास सार्थकी लागला असे समजावे.

आणि उठताना सभोवार पाहावे. कोण उन्हात आहे? कोणाच्या पाण्यात कोणाची घाण मिसळते आहे? कोणते झाड तोडले गेले? ज्या विहाराला थोडी जागा आहे, त्याने वर्षावासाच्या काळात तेथे वड, करंज, जांभूळ, कडुनिंब लावावेत, आणि मुख्य म्हणजे पुढील तीन उन्हाळे त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी नावानिशी वाटून घ्यावी. या कोरड्या मुलखात रोप लावणे सोपे आणि जगविणे कठीण, हे येथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. वर्षावासाची प्रथाच मुळी पावसाळ्यात भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत व सूक्ष्म जीव तुडविले जातात, अशी लोकांची तक्रार आल्यावर सुरू झाली. गवताच्या पात्याची तक्रारही ज्या संघाने ऐकली, त्याच्या अनुयायांना एक रोप तीन वर्षे सांभाळणे अवघड वाटू नये.

मानमोडीच्या त्या शक उपासकाने वडाच्या झाडांसाठी नऊ निवर्तने राखली, तेव्हा कुकडीचे पाणी आजच्यासारखेच शिरूरकडे वाहत होते. त्याने लावलेला वड आज उभा नाही. त्याच्या दानाचा हेतू मात्र कोरलेला आहे. येणाऱ्या कोणालाही सावली मिळावी, एवढाच तो हेतू होता. ही ‘कोणालाही’ची सावली पुन्हा लावणे आणि तिच्यात बसून उन्हातल्या माणसाला विसरू न देणे, हे काम आपल्या हाती आले आहे.